निवृत्ती, छंद आणि सोबत : भारतीय कथा-नाटकांतील उत्तरायुष्य

'निवृत्ती' हा शब्द मराठी वाचकाला दोन निरनिराळ्या दिशांनी भेटतो. एका बाजूने तो ज्ञानदेवांच्या वडील बंधूंचे आणि गुरूंचे नाव म्हणून येतो. प्रवृत्तीच्या उलट, विषयांपासून मागे वळण्याची अवस्था हा त्याचा परंपरेने रूढ केलेला अर्थ. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त प्रवृत्ती-निवृत्तीचा जो वाद मांडला, त्यात हाच अर्थ अभिप्रेत आहे. दुसऱ्या बाजूने हा शब्द कचेरीतून येतो. तेथे तो 'सेवानिवृत्ती'चा संक्षेप असतो आणि त्याचा संबंध मनाच्या वळणाशी नसून जन्मतारखेशी असतो. १९९८ साली केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८ वरून ६० केले, तेव्हा असंख्य माणसांच्या आयुष्यातील ही घटना एका आदेशाने दोन वर्षे पुढे गेली. पहिली निवृत्ती माणूस स्वीकारतो. दुसरी त्याच्यावर येऊन पडते. या दोहोंमधील अंतर हाच आधुनिक भारतीय साहित्यातील उत्तरायुष्याच्या चित्रणाचा खरा विषय आहे.

या विषयाला जोडून येणारे आणखी दोन शब्द ध्यानात घ्यावयास हवेत. एक 'छंद'. कवितेचे वृत्त आणि मनाला लागलेला नाद असे दोन्ही अर्थ मराठीत या एकाच शब्दाला आहेत. दोहोंतही पुनरावृत्ती आहे, आणि दोहोंतही स्वतःहून पत्करलेले बंधन आहे. वेळ कसाबसा घालविणे आणि छंद असणे यांतील फरक या बंधनातच आहे. दुसरा शब्द 'सोबत'. सहवास एका घरात राहण्याने घडतो. सोबत तशी आपोआप घडत नाही. अंधारात वाट चालणाऱ्याला हवी असते ती सोबत, आणि ती करणारा नात्याचा असलाच पाहिजे असे नाही. निवृत्त माणसाविषयीच्या ज्या कथा-नाटकांनी वाचकांच्या मनात घर केले, त्यांचा विचार या दोन शब्दांच्या आधाराने केला, तर रूढ समीक्षेने त्यांना लावलेला 'वृद्धांची शोकांतिका' हा शिक्का किती अपुरा आहे हे दिसू लागते.

सेवानिवृत्तीची घटना भारतीय कथेत सर्वांत निखळपणे आली ती उषा प्रियंवदा यांच्या 'वापसी' या १९६० च्या हिंदी कथेत. पस्तीस वर्षे रेल्वेत नोकरी केलेले गजाधरबाबू निवृत्त होऊन कुटुंबात राहावयास येतात. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब शहरात आणि ते स्वतः लहानमोठ्या स्थानकांवर, असे त्यांचे आयुष्य गेलेले. आता घरात त्यांच्यासाठी जागा नाही. त्यांची खाट प्रथम बैठकीच्या खोलीत पडते, मग पत्नीच्या खोलीत सामानसुमानाच्या दाटीत सरकते. अखेरीस ते एका साखर कारखान्यात नोकरी धरून निघून जातात आणि त्यांच्यामागे ती खाट खोलीतून बाहेर काढली जाते. या कथेचा निवाडा सामान्यतः कुटुंबाच्या विरुद्ध दिला जातो. मुले कृतघ्न, पत्नी संसाराच्या डब्यांत गुरफटलेली, असे म्हणून वाचक मोकळा होतो. कथा मात्र इतकी सोपी नाही. गजाधरबाबूंच्या अनुपस्थितीतच त्या घराची घडी बसलेली आहे, आणि ते आल्यावर त्या घडीत स्वतःला बसवून घेण्यापेक्षा ती मोडू पाहतात. नोकर काढून टाकतात, सुनेला व मुलीला कामे लावून देतात. कर्त्या पुरुषाचे अधिकार हाच घरातील आपल्या अस्तित्वाचा पुरावा असे ते मानतात.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, नोकरी वजा जाता गजाधरबाबूंजवळ स्वतःचे असे काहीच नाही. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गनेशी नावाचा नोकर होता, त्याचे आग्रहाने खाऊ घालणे होते, गाड्यांच्या ये-जा करण्याची लय होती. म्हणजे सोबत होती आणि एका अर्थी छंदही होता. परंतु हे सर्व नोकरीच्या अनुषंगाने मिळालेले असल्यामुळे नोकरीबरोबर गेले. ते असताना त्याला त्यांनी सोबत मानले नाही, कारण खरी सोबत घरी वाट पाहत आहे अशी त्यांची समजूत होती. साखर कारखान्याकडे त्यांचे जाणे म्हणूनच मुक्ती ठरत नाही. निवृत्तीचा प्रश्न सुटत नाही, तो पुढे ढकलला जातो. लेखिकेने 'वापसी' हे शीर्षक देऊन परतणे नेमके कोणते, घरी येणे की घरातून जाणे, हा प्रश्न खुला ठेवला यातच कथेचे बळ आहे.

मराठी रंगभूमीवर हाच प्रश्न अधिक उंच स्वरात आला. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले आणि १९७४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'शी त्याचे नाते सर्वज्ञात आहे. परंतु राजाने राज्य वाटून देणे आणि नटाने निवृत्त होऊन आपली मिळकत मुलांना देणे यांत एक मूलभूत भेद आहे. राज्य दिल्यावर राजाजवळ राजेपणाचे काही उरत नाही. नट मात्र आपली वाणी आणि स्मरण देऊन टाकू शकत नाही. गणपतराव बेलवलकरांची कला निवृत्तीनंतरही त्यांच्याजवळच आहे. तिला श्रोता मात्र उरलेला नाही. मुलाच्या आणि मुलीच्या घरात तिचे मोल गोंगाटाइतके होते. पत्नी कावेरी हीच तेवढी त्यांची खरी प्रेक्षक. ती गेल्यानंतर अप्पांना भेटतो तो रस्त्यावर बूटपॉलिश करणारा राजा. या पोराला नाट्यकलेची परंपरा ठाऊक नाही, नटसम्राट या पदवीचे त्याला अप्रूप असण्याचेही कारण नाही. तरीही तो अप्पांना सोबत देतो.

नाटकाच्या समीक्षेत अप्पांच्या स्वगतांची जितकी चर्चा झाली, तितकी राजाची झाली नाही. तो नाटककाराने शेवटी करुणेची धार वाढविण्यासाठी आणलेला पूरक घटक आहे असेच बहुधा धरले गेले. वस्तुतः नाटकाची नैतिक बाजू तेथेच फिरते. रक्ताच्या नात्यांकडून जे मिळाले नाही ते परक्याकडून मिळते, एवढेच त्यात नाही. अप्पा इतका वेळ ज्या घराचा शोध घेत होते, ते भिंतींचे नसून ऐकणाऱ्या माणसाचे होते, हे तेथे स्पष्ट होते. डॉ. श्रीराम लागू यांच्यापासून अनेक समर्थ नटांनी ही भूमिका केली आणि प्रेक्षकांचे लक्ष साहजिकच त्या नटांच्या आविष्कारावर खिळले. त्या तेजात राजा झाकोळला गेला, ही मराठी रसिकतेच्या एका सवयीचीही खूण आहे. वृद्धाचे दुःख पाहून हळवे होण्यास ती तत्पर असते. वृद्धाला मिळालेली साधी, अनपेक्षित सोबत तिला तेवढी नाट्यमय वाटत नाही.

जयवंत दळवी यांचे 'संध्याछाया' ही याच सवयीची दुसरी कसोटी. एक मुलगा परदेशात, दुसरा सैन्यात. घरात उरलेले नाना आणि नानी. येथे 'नटसम्राट'मधील दुष्टावा नाही, कोणी कोणाला घराबाहेर काढीत नाही. दळवींनी खलनायक बाजूला काढून एकाकीपणाचे स्वतंत्र परीक्षण केले, हे त्यांचे श्रेय. दिवसभर कोणाचे तरी येणे, कोणाचे पत्र, कोणाचा आवाज यांची प्रतीक्षा, आणि सहज दाराशी आलेल्या माणसालाही थोडा अधिक वेळ थांबवून ठेवण्याची धडपड हे या नाटकाचे सर्वांत अस्सल द्रव्य आहे. नाटक दोघांच्या आत्मनाशाशी येऊन थांबते. हा शेवट अपरिहार्य आहे काय, असा प्रश्न विचारणे योग्य ठरेल. नाना-नानींचे परस्परांवर प्रेम आहे, त्यांना आर्थिक विवंचना नाही. पण त्यांचा सगळा वेळ दुसऱ्याच्या येण्यावर टांगलेला आहे. प्रतीक्षा ही छंदाच्या नेमकी उलट अवस्था होय. छंदात माणूस वेळेला आपला आकार देतो. प्रतीक्षेत वेळ माणसाला पोखरीत जातो. दळवींनी ही पोखरण अचूक टिपली. मात्र या जोडप्यासमोर दुसरा कोणताही मार्ग येऊच नये अशी रचना करून त्यांनी शोकान्ताची बाजू आधीच भक्कम करून ठेवली, हा आक्षेप डावलता येत नाही.

या दोन नाटकांच्या आधी, १९५७ साली, पु. ल. देशपांडे यांच्या 'तुझे आहे तुजपाशी'ने उत्तरायुष्याचे एक वेगळे चित्र उभे केले होते. इंदूरच्या संस्थानी वातावरणात वाढलेले काकाजी आणि व्रतस्थ आचार्य हे दोघेही उतारवयाला आलेले आहेत. काकाजी खाण्यागाण्यात, माणसांच्या गोतावळ्यात रमणारे. आचार्यांनी मात्र नियम आणि निग्रह यांतच आयुष्य घालविले. शेवटी कोसळतात ते आचार्य. सुख आणि संयम यांचा सामना म्हणून हे नाटक वाचले जाते. निवृत्तीच्या अंगाने वाचले तर त्यातून निघणारा निष्कर्ष अधिक व्यावहारिक आहे: रसिकता साठाव्या वर्षी नेमून घेता येत नाही. ज्याने आयुष्यभर तिच्यासाठी खिडकी उघडी ठेवली, त्याच्याच म्हातारपणात उजेड येतो. अर्थात याला एक मर्यादा आहे आणि पु. लं.च्या चाहत्यांनी ती क्वचितच बोलून दाखविली आहे. काकाजींची खिडकी उघडी राहिली ती वडिलोपार्जित सुबत्तेमुळे. ज्याला पोटासाठी पस्तीस वर्षे आडगावच्या स्थानकांवर काढावी लागली, त्या गजाधरबाबूंना काकाजींचा उपदेश कितपत उपयोगी पडला असता? 'आयुष्यभर छंद जोपासा' हे सांगणे ज्यांना फुरसत मिळाली त्यांच्याच सोयीचे असते. छंदाचा विचार करताना वर्गाचा विचार टाळता येत नाही तो यासाठी.

स्त्रियांच्या बाबतीत तर प्रश्न याच्याही अलीकडे सुरू होतो. ज्या कामाला नेमणुकीचा कागदच नाही, त्यातून निवृत्त व्हावयाचे कसे? अशोक पाटोळे यांच्या 'आई रिटायर होतेय' या नाटकाने हा प्रश्न शीर्षकातच उभा केला. भक्ती बर्वे यांच्या भूमिकेमुळे गाजलेल्या या नाटकातील गृहिणी घरकामातून निवृत्ती जाहीर करते आणि घर हादरते. प्रेक्षक प्रथम हसतो, कारण 'रिटायर' हा कचेरीतला शब्द स्वयंपाकघरात विसंगत वाटतो. ती विसंगती शब्दाची नसून व्यवस्थेची आहे, हे कळले की हसू ओसरते. व्यावसायिक रंगभूमीच्या चौकटीत राहूनही या नाटकाने जे साधले त्याची योग्य ती दखल अभ्यासकांनी घेतलेली नाही.

भीष्म साहनी यांची 'चीफ की दावत' ही हिंदी कथा या संदर्भात जोडून वाचण्याजोगी आहे. साहेबांच्या मेजवानीच्या वेळी म्हातारी आई कोठे लपवावी या विवंचनेत असलेल्या शामनाथला अचानक उमगते की, साहेबांना आईचे गाणे आणि तिच्या हातची फुलकारी आवडली आहे. लगेच आईने नवी फुलकारी करून द्यावी असे ठरते. तिची दृष्टी अधू झाली आहे, तिला हरिद्वारला जावयाचे आहे. पण मुलाची बढती होणार असेल तर ती तयार होते. जी कला तिची स्वतःची होती, ती या क्षणी मुलाच्या उपयोगाची वस्तू बनते. वृद्धांचे हातचे कसब 'उपयोगात आणावे' असे जे सहजपणे म्हटले जाते, त्यातील धोका साहनींनी ओळखला होता. छंद दुसऱ्याच्या हिशेबात जमा झाला की तो छंद राहत नाही. पुन्हा नोकरी होतो, आणि तीही बिनपगारी.

वानप्रस्थाची प्राचीन कल्पना आधुनिक माणसाला कितपत पेलते, याची परीक्षा आर. के. नारायण यांनी 'द व्हेंडर ऑफ स्वीट्स' या १९६७ च्या इंग्रजी कादंबरीत केली. मालगुडीचा मिठाईवाला जगन विधुर आहे, गांधीजींच्या शिकवणीचा अनुयायी आहे आणि मुलापुढे हतबल आहे. अखेरीस तो सर्व सोडून नदीपलीकडच्या बागेत, देवीची मूर्ती घडविणाऱ्या शिल्पकाराच्या सान्निध्यात जावयाचे ठरवितो. जाताना तो धनादेशांचे पुस्तक मात्र बरोबर नेतो. नारायण यांचा उपहास येथे इतका सौम्य आहे की तो चटकन जाणवत नाही. जगनचा संन्यास खोटा नाही, परंतु पूर्णही नाही. जुन्या अर्थाची निवृत्ती नव्या अर्थाच्या निवृत्तीला उसनी देता येत नाही. फार तर दोहोंमध्ये एक पूल बांधता येतो, आणि त्या पुलावर बँकेचे खातेही चालत असते. तरीही जगनला ओढ वाटते ती मूर्ती घडताना पाहण्याची, हे विसरता कामा नये. दुसऱ्याच्या हातून काही आकाराला येताना शेजारी बसणे हीदेखील सोबत असते.

कल्पित पात्रांपलीकडे जाऊन लेखक-कलावंतांच्या चरित्रांकडे पाहिले तर दोन उदाहरणे विशेष बोलकी ठरतात. रवींद्रनाथ ठाकूर हे हस्तलिखितांतील खाडाखोडीला आकार देता देता चित्रकलेकडे वळले. वयाची साठी उलटल्यावर जडलेला हा नाद इतका वाढला की १९३० साली पॅरिस येथे त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले आणि त्यांच्या चित्रांची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली. शब्दांत सिद्धी मिळविलेल्या माणसाने ज्या माध्यमाचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते, तेथे नवशिक्या म्हणून उतरावे, ही यातील महत्त्वाची गोष्ट. दुसरे उदाहरण मारुती चितमपल्ली यांचे. वनखात्यातील नोकरीतून १९९० साली निवृत्त झालेल्या चितमपल्लींनी पक्षी, प्राणी आणि वृक्ष यांच्या कोशांचे काम उभे केले. २००६ साली सोलापूर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि २०२५ साली मृत्यू येईपर्यंत त्यांची ओळख निवृत्त अधिकारी अशी न राहता अरण्याचा अभ्यासक अशीच राहिली. रवींद्रनाथांनी नवा रस्ता धरला. चितमपल्लींनी नोकरीतल्याच रस्त्यावर, नोकरी संपल्यावर, अधिक खोल चालणे पसंत केले. गजाधरबाबूंशी तुलना केली असता फरक स्पष्ट होतो. रेल्वे ही त्यांची नोकरी होती. अरण्य हे चितमपल्लींचे जिज्ञासास्थान होते.

सोबतीचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण ती एकट्याच्या इच्छेने सिद्ध होत नाही. डॉ. शिरीष आठवले यांच्या 'मित्र' या नाटकात पक्षाघाताने जखडलेले दादासाहेब पुरोहित आणि त्यांच्या शुश्रूषेसाठी आलेली परिचारिका रूपवते यांच्यामध्ये वय, लिंग आणि जात अशा तीन भिंती आहेत. आरंभी एकमेकांविषयी अढी आहे. नाटक पुढे सरकते ते ती अढी सुटण्याच्या क्रमाने. दादासाहेबांची भूमिकाही डॉ. लागू यांनीच केली, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. बेलवलकरांना जी सोबत रस्त्यावर, शेवटच्या टप्प्यात मिळाली, ती येथे घराच्या आत आणि नाटकाच्या मध्यभागी आली. मराठी नाटकाने तीन दशकांत केलेला हा प्रवास आहे. शीर्षकातील 'मित्र' हा शब्दही तपासून पाहावा असा आहे. मुलगी, सेविका, उपकारकर्ती अशी कोणतीही सोयीची संज्ञा न वापरता नाटककाराने समतेचे नाते सुचविणारा शब्द निवडला.

हिंदीत कृष्णा सोबती यांच्या 'समय सरगम' (२०००) या कादंबरीने हाच धागा दिल्लीच्या वसाहतीत नेला. अरण्या ही एकटी राहणारी लेखिका आणि ईशान हे तिचे समवयस्क शेजारी. दोघांच्या स्वभावांत आणि श्रद्धांत अंतर आहे. त्यांचे फिरणे, बोलणे, मतभेद आणि मृत्यूचा शांतपणे केलेला विचार यांतून एक सख्य उभे राहते. या सख्याला प्रेमकथेचा मुलामा देण्याचे सोबती यांनी टाळले, आणि त्याला केवळ सोयही ठरविले नाही. गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि' (२०१८) मध्ये तर ऐंशी वर्षांची आई भिंतीकडे पाठ नव्हे, जगाकडे पाठ करून पडलेली असते. ती उठते, रोझी या तृतीयपंथी व्यक्तीशी सख्य जोडते आणि सीमा ओलांडून निघते. २०२२ साली या कादंबरीच्या डेझी रॉकवेल यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला, तेव्हा चर्चा फाळणीची आणि भाषेची अधिक झाली. उत्तरायुष्य हा आयुष्याचा उपसंहार नसून नवा अध्याय असू शकतो, हे तिचे प्रतिपादन तितकेच मूलगामी आहे.

मराठी साहित्यासमोर यातून एक काम शिल्लक राहते. गेल्या काही दशकांत महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्रे, बागांतील कट्टे, भजनी मंडळे यांचे जाळे पसरले. १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी सुरू केलेला हास्यक्लब देशाबाहेरही पोहोचला. २००७ साली संसदेने पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी कायदा केला. कायदा मुलांकडून निर्वाहाची रक्कम मिळवून देऊ शकतो. संध्याकाळी बोलावयास माणूस देऊ शकत नाही. ती उणीव हे कट्टे भरून काढतात. तेथे निवृत्त कारकून, गिरणीतून बाहेर पडलेला कामगार, विधवा शिक्षिका एकत्र येतात. रुसतात, वर्गणीवरून भांडतात आणि आजारपणात एकमेकांच्या घरी जातात. या जगाची विनोदी चित्रे मराठीत पुष्कळ आहेत. परंतु त्याच्याकडे गंभीरपणे पाहणारी, 'संध्याछाया'च्या तोडीची कलाकृती अद्याप विरळाच. करुणेचा मार्ग लेखकाला आणि वाचकालाही परिचित आहे. सत्तरीच्या माणसाने पेटी शिकावयास बसणे, चुकणे आणि शेजारच्याने त्याला सूर धरून देणे यांत नाट्य शोधणे अधिक कठीण आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने म्हणूनच ही पुस्तके पुन्हा वाचताना वृद्धाचे काय हिरावले गेले एवढाच प्रश्न विचारून थांबू नये. त्याच्याजवळ स्वतःचे काय होते, ते ऐकावयास कोण होते, आणि ते ऐकणारा माणूस लेखकाने कोठे उभा केला, हेही विचारावे. तसे विचारले की 'वापसी'तील गनेशी, 'नटसम्राट'मधील राजा आणि मालगुडीच्या नदीकाठचा मूर्तिकार ही दुय्यम मानलेली पात्रे पानाच्या कडेवरून मध्यभागी येतात. त्यांना वजा करून या कलाकृतींचा अर्थ लावता येत नाही.